निवट्यांचं कालवण

लेकीला दिवस गेल्याचं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने ना आनंद बोलून दाखवला, ना डॉक्टर कोण ते विचारलं. ती एवढंच म्हणाली, "बाळंतपण तुझ्याकडंच ना? मग निवट्यांचं बघाया लागंल."

मी कपाळाला हात लावला. लेक परळला काचेच्या इमारतीत नोकरी करणारी. कुठल्या महिन्यात कुठली गोळी हे तिने मोबाइलमध्ये भरून ठेवलेलं. आणि तिच्या आजीला चिंता निवट्यांची.

पण आईचं चुकलं असंही म्हणवत नाही. माझं माहेर माहीमच्या खाडीकाठच्या कोळी वस्तीतलं. तिथे बाळंतिणीचं मासळीचं पहिलं जेवण ठरलेलं असतं. गुरगुट्या भात आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारी, बोटापेक्षा थोडी मोठी मासळी. डोळे थेट डोक्यावर. ओहोटी लागली की चिखलावर येऊन टुणटुण उड्या मारते आणि माणसाची चाहूल लागली की बिळात गडप होते. अंगाने इतकी बुळबुळीत की राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही. ती खाल्ली की अंगावर भरपूर दूध येतं असं आमच्याकडच्या बायका सांगतात. आईचं त्यापुढे आणखी एक कलम. निवटी बाजारची चालायची नाही, आपल्याच खाडीची हवी. "आई खाते तेच पोराच्या तोंडात जातं," ती म्हणायची. "पयली चव आपल्या पाण्याची नको?"

तिच्या वेळी तिच्या सासऱ्यांनी निवट्या आणल्या. माझ्या वेळी माझे वडील गुडघाभर रेंद्यात उतरले. तो काळा चिखल पोटऱ्यांवर तसाच घेऊन ते प्रभादेवीला माझ्या सासरी आले होते आणि सासूबाईंनी त्यांना आधी मोरीत पाठवलं होतं. वडिलांना तेव्हाही बराच वेळ चिखल चाचपावा लागला होता, हे मला नंतर कळलं. आता वडील नाहीत. आईचा पणतू किंवा पणती यायची होती, आणि आमच्या खाडीत निवटी दिसून जमाना झाला होता.

आमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते. शहराच्या पोटातून ही नदी वाहते हे निम्म्या मुंबईला कळलं ते पूर घरात शिरला तेव्हा. तोवर ती नालाच होती. लग्नानंतर सुरुवातीला मी एकदा बोलता बोलता "आमच्या नदीवर" असं म्हणाले. माझ्या सासरची सगळी माणसं कारकुनीतली, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. धाकट्या दिरांनी विचारलं, "वहिनी, कुठली हो नदी?" मी म्हटलं, मिठी. त्यावर सगळं घर हसलं. मीही हसले, नवी नवरी दुसरं काय करणार? पण ते हसू मला अजून बोचतं.

मी लहान असताना त्या पाण्यात आम्ही पोरं डुंबलो आहोत. ओहोटीला बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचायला उतरायच्या. आमच्या लोकांचा भरतीवर देवापेक्षा जास्त विश्वास. मासळीची खवलं, डोकी, शिळा भात, पूजेची फुलं, फुटकी टोपली, सगळं खाडीत सोडायचं. भरती येणार आणि धुऊन नेणार. सकाळी काठ पुन्हा झाडून घेतल्यासारखा. त्यात खोटं काही नव्हतं, तेव्हा टाकायला होतं तरी काय? पुढे प्लास्टिक आलं. नदीच्या वरच्या अंगाने कारखान्यांचं रंगीत पाणी आलं, गोठ्यांचं शेण आलं, किती वस्त्यांचं आणि किती टॉवरांचं सांडपाणी आलं त्याला गणतीच नाही. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं झालं, मग त्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. तरी आमच्या घरांतून कचऱ्याची बादली खाडीतच रिकामी होत राहिली. भरती नेईल, म्हणायचे. भरती न्यायची आणि तीच परत आणून दारात टाकायची. मला राग येतो तो याचाच. वरून घाण सोडणारे परके होते, त्यांना नदीची माया नव्हती. आम्हाला होती, आणि आम्हीही हातभार लावला.

निवट्यांचा विषय निघाला त्याच्या आधीपासून आमच्या भागात काही माणसं रविवारी सकाळी खाडीचा काठ साफ करायची. दादरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या बाई या गटाच्या कर्त्याधर्त्या. मीही अधूनमधून जायचे, खरं सांगायचं तर सोसायटीतल्या मैत्रिणी जातात म्हणून. गटातल्या निम्म्या लोकांना कचऱ्यापेक्षा फोटोची घाई. एक गृहस्थ तर पांढरेशुभ्र बूट घालून यायचे आणि चिखलापासून हातभर लांब उभे राहून बाकीच्यांना जोश द्यायचे.

मी आईला म्हटलं, "निवट्या हव्यात ना? मग काठ साफ करायला चल."

मला वाटलं ती चिडेल. ती आली. येताना घरातलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली, काठावर बसली आणि पांढऱ्या बुटांकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "ह्यो कोण? नवरदेव?" तेव्हापासून त्यांना गटात दुसरं नावच उरलं नाही. बिचारे पुढच्या वेळी रबरी बूट घालून आले आणि चांगले राबले.

चार रविवार नुसतं बघून झाल्यावर आईने तोंड उघडलं. वेचून काही होणार नाही, म्हणाली. वस्तीच्या कडेने एक नाला खाडीत उतरतो, घाण तिथून येते, त्याच्या तोंडाशी अडवा. अडवायचं कशाने यावर गटात चर्चा सुरू झाली. कुणी लोखंडी जाळी म्हणालं, कुणी अर्ज करू म्हणालं. तोवर आईने वस्तीतल्या घरोघरी माळ्यावर पडलेली जुनी जाळी गोळा केली. दोघी-तिघी म्हाताऱ्यांना घेऊन ओटीवर बसली, फाटकी जाळी एकमेकांना जोडली आणि दुहेरी विणून घेतली. वस्तीतल्या तरुणांनी नाल्याच्या दोन्ही काठांना खुंटे ठोकून ते जाळं बांधलं. मासेमारीचं डोल जाळं लावतात तसंच, फक्त यात मासळी यायची नव्हती.

मग मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून फोन करायचे.

"आज काय लागलं जाळ्याला?"

"थर्माकोल."

"ताजा आहे का?"

"मेल्ये, येऊन बघ," म्हणायची आणि खळखळून हसायची. वडील गेल्यावर इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. जाळं सारखं फाटायचं, कारण कचऱ्यात लाकडं, पत्रे, एकदा तर चाकाची खुर्ची. ती पुन्हा विणायची. वस्तीतल्या बायकांना तिने दम दिला की खाडीत बादली ओतताना कोणी दिसली तर तिच्याच दारात नेऊन ओतीन. एकीच्या दारात खरंच ओतली. त्यावरून जे भांडण झालं ते ऐकायला रस्त्यापलीकडची माणसं गॅलरीत आली होती.

माझ्याकडे निर्माल्याचं काम आलं. प्रभादेवीत घरटी देव आणि देवाला रोज फुलं. आपली माणसं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, पाप लागतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गाडीने पुलावर नेतात आणि नदीत भिरकावतात. त्याचं पाप लागत नाही. पुलाला उंच जाळी आहे, तर जाळीच्या वरून भिरकावतात, नेम धरून. मी एका सकाळी पुलावर उभी होते. एक सद्गृहस्थ गाडीतून उतरले, पिशवी कपाळाला लावली, डोळे मिटले.

मी म्हटलं, "अहो, निदान पिशवी तरी सोडा."

"ताई, देवाचं आहे," ते म्हणाले.

"देवाचं आहे तर घरात ठेवा की. नदीने काय घोडं मारलंय तुमचं?"

ते रागाने गाडीत बसले. पिशवी मात्र परत घेऊन गेले, म्हणजे पुढच्या पुलावरून टाकली असणार. पण आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांनी हळूहळू ऐकलं. दारात निर्माल्याचे डबे आले, मागच्या अंगणात खताचे पिंप आले. सुरुवातीला पिंपाला वास येतो म्हणून एका आजोबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्याच गुलाबाला ते खत घातल्यावर बोलायला लागले.

लेकीला सातवा सरला आणि त्याच सुमारास एक दिवस भर दुपारी आईचा फोन आला. ऑफिसच्या वेळात ती कधी फोन करत नाही.

"ये," ती म्हणाली. "आत्ता ये."

मी अर्धी सुट्टी टाकून टॅक्सीने गेले. खाडीला ओहोटी होती. आम्ही साफ केलेल्या त्या जेमतेम चाळीभर लांबीच्या पट्ट्यावर चिखल उघडा पडला होता. आई काठावर पदर तोंडाला लावून उभी होती. मला काही दिसेना. मग चिखलाचाच एक तुकडा उडाला. त्याच्या बाजूला दुसरा. डोक्यावरचे ते गोल डोळे, तो शेपटीचा फटका.

"आल्या," आई म्हणाली. "माज्या पणतीसाठी आल्या." पणतीच होणार हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मी रडले. लाज कसली त्यात? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला चिखल दिसला असता, मला माझे वडील दिसले. दोन दिवसांत सगळा गट येऊन गेला, फोटो सगळीकडे फिरले, नवरदेवांनी पेढे वाटले. नदी वाचली, असं जो तो म्हणत होता. मीही म्हणत होते. तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या आठवड्यांपैकी एक होता, आणि तो तिथेच थांबायला हवा होता असं मला आजही वाटतं.

रसायनशास्त्राच्या बाई फोटोला आल्या नव्हत्या. त्यांनी मला दादरला घरी चहाला बोलावलं. चहा झाला, चिवडा झाला, त्यांच्या गुडघ्यांचं झालं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आई त्या निवट्या तुमच्या लेकीला खाऊ घालणार आहेत, असं ऐकलं."

मी हो म्हटलं.

"नका घालू देऊ. मी तिथला चिखल एका जुन्या विद्यार्थ्याकडून तपासून घेतलाय. वरचा कचरा आपण उचलला. पण कारखान्यांचं जे काही इतकी वर्षं खाली बसलंय, शिसं, पारा, ते तिथेच आहे. जाळ्याला ते लागत नाही."

"मग निवट्या परत आल्या कशा?"

"ती चिवट असते. घाणीतही जगते. चिखलावरचा थर्माकोल गेला, तिला बिळाला जागा मिळाली, ती आली. चिखलातलं मात्र सगळं तिच्या अंगात उतरतं. बघायला छान आहे, खायची नाही. त्यात बाळंतीण बाई."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. वाटलं, हिला काय कळतंय, हिच्या घरी कोणी निवट्या आणल्यात? पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या निवट्या बघायला त्यासुद्धा दोनदा एकट्याच जाऊन आल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलं.

मी तशीच उठून वस्तीत गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"बाईला सांग, आमी जलम काढला या पाण्यावर."

"तेव्हाचं पाणी वेगळं होतं, आई."

"वास घेऊन बघितलाय मी. साफ हाय. मासळी खराब असली तर माज्या नाकाला कळत नाय?"

"याला वास नसतो."

"मग कसलं इख ते, ज्याला वास नाय का चव नाय?" ती ओरडली. "प्रभादेवीला गेलीस नि पांढरपेशी झालीस. तुला तुज्या बापाच्या हातची निवटी चालली, आता लेकीला बाटली दे पावडरीची!"

मीही गप्प बसले नाही. काय काय बोलले ते आता लिहिण्यात अर्थ नाही. निघताना तिने दार लावून घेतलं. रविवारी मी काठावर गेले तर तिचं स्टूल नव्हतं. जाळं मात्र रात्रीतून विणलेलं होतं.

लेक बाळंत झाली. मुलगीच झाली. आई दवाखान्यात आली, बाळावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, लेकीचा मुका घेतला आणि माझ्याकडे न बघता गेली. मी लेकीला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आई, एवढासा घास खाल्ला तर काय होतंय? आजीचं मन मोडू नकोस." मी म्हटलं, "तुझं बाळ आहे, तूच ठरव."

लेक घरी आल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी आई सकाळीच दारात उभी. वडील गेल्यावर पहिल्यांदाच डोक्यात मोगरा, अंगावर हिरवं लुगडं, हातात कापडाने बांधलेलं पातेलं. पातेल्यातून लसणीचा आणि आमच्या मसाल्याचा वास येत होता. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दारातून बाजूला झाले. आईला दारात अडवायची हिंमत माझ्यात नव्हती आणि इच्छाही नव्हती.

तिने स्वतः ताट घेतलं. भात वाढला, मधे खळगा केला, त्यात कालवण ओतलं. निवट्या अख्ख्या होत्या, शेपट्यांसकट, राखेने घासून पांढऱ्या केलेल्या. ताट घेऊन ती आतल्या खोलीत गेली. लेक पलंगावर बाळाला पाजत बसली होती. तिने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "दे आजी. भूक लागलीय."

आईने ताट पुढे केलं. लेकीने एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्या हाताने घास कालवला. बाळाला तेवढ्यात झोप लागली होती. छातीवरून बाळाचं तोंड सुटलं आणि ओठाच्या कडेने दुधाचा एक ओघळ गालावर आला. आई ते बघत होती. लेकीने घास उचलला.

आईने तिचं मनगट धरलं.

"थांब."

"काय गं आजी?"

"नको खाऊस." तिने लेकीच्या हातातला घास आपल्या हातात काढून घेतला, ताट उचललं. मग पदराने बाळाच्या गालावरचं दूध टिपलं आणि म्हणाली, "तुज्या आईला सांग, बाजारातून मुशी आण, तिनंबी दूध येतं. चांगली बघून आण म्हणावं."

मी तिथेच दारात उभी होते, तरी ती मला थेट बोलली नाही. ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. मला वाटलं ती ते ओतून देईल. ती ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली, ताट मांडीशी घेतलं आणि जेवायला लागली.

"आई, राहू दे ना. तूही नको खाऊस."

"माजं काय आता? मी जन्मभर खाल्लीय." तिने एक निवटी उचलली, तोंडात घातली, काटे नीट वेगळे काढून ताटाच्या कडेला ठेवले. दुसरी उचलली. मी तिच्या शेजारी बसले. मग जेवता जेवता तिचे डोळे भरून आले आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"चव तीच हाय गो," ती म्हणाली. "तुजा बाप आणायचा तीच. मना कायसुदिक कळत नाय."